पत्रिका पाहिलीत का?

चूक तशी छोटी होती. मोजून तीन अक्षरांची. जोडाक्षर एकच धरायचं असतं हे मला आता कळलेलं आहे, म्हणून तीन म्हणतो. पण त्या तीन अक्षरांत माझ्या मुलीचं लग्न अडकलं, आणि अडकवणारा दुसरातिसरा कोणी नसून मीच होतो.

मुलीने आपलं आपण जमवलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दादरचा, शाकाहारी. "बाकी काही दोष नाही," असं माझी बायको म्हणाली होती. बायको लालबागची, माहेर मालवणी, त्यामुळे शाकाहार हा तिच्या हिशेबी दोषच. पण चष्म्याच्या नंबराइतका, चालवून घेण्यासारखा. रविवारी सकाळी आम्ही गिरगावातून दादरला त्यांच्या घरी जायचं आणि मोठ्यांनी मोठ्यांशी बोलायचं, असं ठरलं होतं. त्याआधी मुलाचे वडील मला एक फोन करणार होते.

"बाबा, ते जरा जुन्या वळणाचे आहेत," मुलगी म्हणाली. "नीट बोला. खरं म्हणजे, कमी बोला."

"आणि पत्रिका मागितली तर काय सांगायचं ते ठरवून ठेवा," बायको आतून म्हणाली.

आमच्या मुलीची पत्रिका नाही. पत्रिकेला जन्मवेळ लागते, आणि ती टिपायचं काम इस्पितळात माझ्याकडे दिलेलं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टिपली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो तेव्हाही त्या घड्याळात तीच वेळ होती. त्या दिवसापासून मी पुरोगामी झालो. पत्रिकेविरुद्ध माझ्याकडे एक छोटं भाषण तयारच असतं; पण ऐकायला कोणी मिळत नव्हतं.

फोन आला तेव्हा मी घरात एकटाच होतो, ही दुसरी चूक.

"नमस्कार. दादरहून बोलतोय. मुलाचे वडील."

"या, या!" मी म्हणालो. फोनवरच्या माणसालाही 'या' म्हणायची मला सवय आहे.

"आमची पत्रिका पाठवली होती तुमच्या मुलीबरोबर. पाहिलीत का?"

इतका सरळ पुढ्यात आलेला चेंडू मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"हे पाहा," मी घसा साफ केला, "आमच्याकडे असलं काही कोणी पाहत नाही. शिकल्यासवरल्या माणसाने कागदावर चौकोन आखायचे, त्यात अक्षरं नि आकडे भरायचे आणि त्यातून काही अर्थ निघतो असं मानायचं, हे मला पटत नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

पलीकडे पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग, "तुम्ही कधी करून पाहिलंय का?"

"छे हो! रिकामटेकड्यांचे उद्योग."

"मी स्वतः करतो. बरीच वर्षं करतोय. लोक महिनाभर वाट बघत असतात."

म्हणजे हे गृहस्थ स्वतःच ज्योतिषी निघाले! पण ऐनवेळी माघार घेतली तर मग पुरोगामी कसला? मी आवाज मऊ केला आणि विचारलं, "तुम्हाला वेळीच कोणी थांबवलं नाही का?"

"आणि आम्ही पाठवलेली पत्रिका?"

"असेल कुठेतरी. रद्दीत बघावी लागेल."

"ठेवतो," ते म्हणाले आणि त्यांनी ठेवला.

बायको बाजारातून आली तेव्हा मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. "काय म्हणाले?" तिने विचारलं. "एका फटक्यात गप्प!" मी म्हणालो. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझा विजय तिथेच अर्ध्यावर आला.

उरलेला अर्धा संध्याकाळी मुलीने संपवला. ती चपला न काढताच आत आली.

"बाबा, तुम्ही त्यांच्या कोड्याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणालात?"

"कोड्याला? मी पत्रिकेला म्हणालो."

"त्यांची पत्रिका म्हणजे त्यांच्या वाचनालयाची मासिक पत्रिका! त्यात शेवटच्या पानावर ते शब्दकोडं बनवतात. दर महिन्याला. मी आणून फ्रिजवर ठेवली होती, तुम्हाला सांगितलं होतं!"

मी मनातल्या मनात सगळं संभाषण पुन्हा चालवून पाहिलं. चौकोन. अक्षरं. आकडे. अर्थ निघतो. वेळीच कोणी थांबवलं नाही का. एकही वाक्य वाया गेलं नव्हतं. मी आयुष्यात इतकं नेमकं पूर्वी कधी बोललो नसेन.

"तुमका बोलूक सांगल्यान कोणी?" बायको म्हणाली. ती मालवणीवर आली की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "सांगून टाकू की गैरसमज झाला. मला कुंडली वाटली."

"त्याने सांगितलं," मुलगी म्हणाली. 'त्याने' म्हणजे मुलाने. "त्यामुळे आणखीनच बिघडलं. त्याचे बाबा म्हणाले, 'म्हणजे समोर श्लेष झाला आणि तो मला कळला नाही? मला?' ते मान्यच करत नाहीयेत. म्हणतात, एका शब्दाचे दोन अर्थ ओळखण्यात माझा जन्म गेला, मी पत्रिका आणि पत्रिका यात फसेन का? त्या माणसाने माझा अपमानच केला."

त्यांची अडचण मला कळली. एक तर माझ्याकडून अपमान झाला होता, नाही तर त्यांच्याकडून श्लेष सुटला होता. दोन्हींपैकी अपमान त्यांना परवडणारा वाटला.

"मग रविवारचं?"

"या म्हणालेत. पण लग्नाचं बोलणार नाहीत. चहा देणार. आणि विचारणार, की तुम्ही तुमची मुलगी रिकामटेकड्याच्या घरात कशाला देताय." तिने आता चपला काढल्या. "तो म्हणतो, तरीही आपण लग्न करू. पण मी नाही करणार, बाबा. त्यांचं तोंड पडलेलं असताना मला हार घालून उभं नाही राहता येणार."

हे ती ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं.

उपाय मुलानेच फोनवर सुचवला. आपले वडील जगातल्या माणसांचे दोनच भाग करतात, कोडं सोडवणारे आणि इतर. या महिन्याचं कोडं सोडवून घेऊन या. मी म्हणालो, एवढंच ना? रोजच्या पेपरातलं कोडं मी अधूनमधून सोडवतो. पेनाने सोडवतो. एखादा शब्द बसत नसेल तर एका चौकोनात दोन अक्षरं बसवतो. मुंबईत वाढलेल्या माणसाला तेवढं जमतं.

"पत्रिका द्या इकडे," मी म्हणालो.

बायकोने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "ती जाड कागदाची? गुळगुळीत?"

"हो."

"फ्रिजवरची?"

"हो गं."

"मी तिच्यात बोंबील बांधलेत."

सुके बोंबील. तिच्या माहेरच्या बाजारातून आणलेले, बेगमीचे. पत्र्याच्या डब्यात ठेवण्याआधी तिला एक चांगला, जाड, तेल न शोषणारा कागद हवा होता, आणि साहित्याने तो पुरवला होता. आम्ही डबा उघडला. कोडं शाबूत होतं. वासही.

"नवीन अंक मागवू," मी म्हणालो. मुलीने मुखपृष्ठ उलटं धरून दाखवलं. त्यावर निळ्या शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सस्नेह भेट', आणि खाली सही. म्हणजे हीच प्रत परत न्यायची होती. मी ती गॅलरीत उन्हाला दोरीवर टाकली. चाळीतलं मांजर, जे गेली कित्येक वर्षं माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं, ते येऊन दोरीखाली बसलं आणि त्या मासिकाकडे वर तोंड करून बघत राहिलं. इतका निष्ठावान वाचक त्या पत्रिकेला क्वचितच लाभला असेल.

शनिवारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. म्हणजे मी आणि मुलगी कोड्याला, आणि बायको पलीकडे मेथी निवडायला.

पहिला शब्द मुलीने वाचला. "'एकाच्या गळ्यात पडतो, दुसऱ्याच्या पदरी पडते.' दोन अक्षरी."

"आजार," मी म्हणालो.

"हार," बायको मेथीतून म्हणाली.

"'मागितला तरी मिळतो, खाली बसला तरी हाच.' दोन."

"वर," बायको. "वरदान मागतात ना. आणि नवरदेव खाली बसला तरी वरच."

"तू मेथी निवड," मी म्हणालो.

"'कानात असते, प्राण गेला तरी मागे राहते.' दोन."

मी बराच वेळ कर्णाच्या कवचकुंडलांचा विचार केला. "कुडी," बायको म्हणाली. "कानात घालतात ती. आणि जीव गेला की मागे उरते तीपण, देह." तिने देठ बाजूला टाकले. लहानपणी तिच्या घरी मोठी माणसं रात्री ओटीवर बसून एकमेकांना असंच कोड्यात घालत, असं ती म्हणाली. मी म्हणालो, आमच्याकडे मोठी माणसं गप्प बसत. "ते दिसतंय," ती म्हणाली.

मग आला तो शब्द: 'ती मनगटावर, तो ताटात.' तीन अक्षरी.

"बांगडा," बायको म्हणाली.

इथे मी ठामपणे विरोध केला. शाकाहारी माणूस स्वतःच्या कोड्यात बांगडा का घालेल? ही परीक्षा आहे. आपण मासे खाणारे, पहिल्याच भेटीत बांगडा लिहिला की संपलं. आधीच कागदाला वास! इथे काहीतरी सात्त्विक पाहिजे. मी पेनाने लिहिलं: पापड.

"पापड मनगटावर कोण घालतं?" मुलीने विचारलं.

"लाक्षणिक अर्थ."

"बाबा, शेवटच्या अक्षरावरून उभा शब्द निघतो. 'संसाराचा मांडतात, वरणाचा बुडवतात.' दोन. दुसरं अक्षर व आलेलं आहे. तुमचा ड धरला तर 'डव' होतं."

"असेल डव."

"डव म्हणजे काय?"

"कबुतर. इंग्रजीतलं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "वरणात कबुतर कोण बुडवतं, बाबा? आणि ते शाकाहारी आहेत ना?"

डाव. बांगडा आणि डाव. मी गिरवून गिरवून पापडाचा बांगडा केला. तो चौकोन शेवटपर्यंत पोळल्यासारखा दिसत होता.

रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं भरून झालं, एक सोडून. 'तो मिळाला की ती उंच होते.' दोन अक्षरी, शेवटचं अक्षर न.

"पाट!" मी म्हणालो. "नवरी ठेंगणी असली की अंतरपाटाशी तिला पाटावर उभी करतात. तो मिळाला, ती उंच. लग्नाचं कोडं आहे हे!"

"शेवटचं अक्षर न आहे. 'कुठूनही वाचा, डोळाच', त्यातलं नयन."

"नयन चुकलं असेल."

"नयन चुकलं आणि तुमचा पाट बरोबर धरला, तर 'टयन' होतं."

"टयन म्हणजे..."

"इंग्रजीतलं नका सांगू," मुलगी म्हणाली.

पान, कान, दान, रान. काही बसेना. बायकोने मेथी धुवायला घेतली होती. तिच्याकडे पाहिलं तर ती नळाखाली हात धरून आपल्याशीच हसत होती. "येतंय का तुला?" मी विचारलं. "मला कसलं येतंय," ती म्हणाली, "तुम्ही करा विचार."

रविवारी टॅक्सीत मी पत्रिका मांडीवर धरून बसलो होतो. भायखळ्याच्या पुलाआधीच ड्रायव्हरने काच खाली केली. "साब, मार्केट से आ रहे हो?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नाही, लग्नाच्या बोलणीला चाललोय. त्याने दुसरीही काच खाली केली.

दादरच्या घरात सगळं जिथल्या तिथे होतं. मुलाचे वडील दिवाणाच्या कडेला बसले होते. उंच, काटकुळे, आणि मान खाली. मुलगा दारापाशी उभा राहून नखं खात होता. मुलाच्या आईने हसून पाणी दिलं, आणि ते पिताना घरात फक्त माझ्याच घशाचा आवाज झाला.

"बसा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मला एवढंच विचारायचं आहे, की तुमच्यासारख्यांनी एका रिकामटेकड्याच्या घरात..."

मी घाईघाईने पत्रिका पुढे केली. "सोडवलं आहे."

त्यांनी ती घेतली. चष्मा लावला. मग चष्मा काढून नाकाने श्वास घेतला.

"कसला वास येतोय?"

"शाईचा," मी म्हणालो.

"बोंबलाचा," त्याच क्षणी बायको म्हणाली.

मुलीने डोळे मिटले. मुलाने उरलेलं नख एकदम तोडलं. त्या गृहस्थांनी कागद चेहऱ्यापासून लांब धरला. माझ्या मनात आलं, संपलं. आता चहासुद्धा नाही. त्यांचे ओठ मात्र हलत होते. "बोंबील," ते हळूच म्हणाले. "बोंबील. बोंब... 'सुकला तरी सुरुवात बोंबेनेच.' तीन अक्षरी." त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि ते तिथेच समासात लिहून घेतलं. मग भानावर आल्यासारखे पुन्हा खाली बघायला लागले.

ते एकेक चौकोन बोटाने तपासत गेले. पत्रिका जुळवणं म्हणतात ते असंच दिसत असेल. बोट बांगड्यावर थांबलं. "इथे एवढी खाडाखोड?"

"मला वाटलं," मी म्हणालो, "तुम्ही शाकाहारी, तर बांगडा कसा..."

"कोडं शाकाहारी नसतं," ते म्हणाले. बोट पुढे सरकलं आणि शेवटच्या रिकाम्या चौकोनाशी येऊन थांबलं. "हे राहिलं?"

टॅक्सीत मी एक छान माफी पाठ केली होती. गैरसमज, कुंडली, एका शब्दाचे दोन अर्थ. पण ती उच्चारली असती तर पुन्हा त्यांना श्लेष कळला नाही तिथेच गाडी गेली असती. आणि तेवढ्यात माझ्या हेही लक्षात आलं, की मला ते उत्तर खरंच येत नव्हतं. तर मी तेच सांगितलं.

"राहिलं," मी म्हणालो. "कालपासून डोकं फोडतोय. पाट झाला, कान झाला, रान झालं. घरात तिघं होतो, तिघांचं मिळून चाललं नाही. आपण हरलो बुवा तुमच्यापुढे. हे कसं सुचतं तुम्हाला, तेच कळत नाही."

यात कुठेही खुशामत नव्हती; असती तर इतकी जमली नसती.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ते झालं. त्यांची मान हळूहळू वर यायला लागली. आधी हनुवटी सदऱ्याच्या गुंडीपासून सुटली. मग गळा दिसला. मग कॉलर मागे राहिली आणि त्यातून मान अशी सरळ वर आली, जशी पहाटे कोंबड्याची येते. गृहस्थ बसल्या जागी वीतभर उंच झाले.

"मान!" मी ओरडलो, आणि सरळ त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "मान! तो मिळाला की ती उंच होते! ही काय, झालीच!"

व्याह्याच्या गळ्याकडे बोट दाखवून ओरडणारा वधूपिता त्या घराने आधी पाहिला नसावा. मी बोट मागे घेऊन ते कुठे ठेवायचं याचा विचार करत होतो.

"शाबास," ते म्हणाले. पेन्सिल पुढे करून म्हणाले, "भरा."

मी भरलं. पेन्सिलीने, एका चौकोनात एकच अक्षर. मुलाची आई माझ्या बायकोच्या कानाशी वाकून म्हणाली, "एवढी वर्षं झाली लग्नाला, मी एकही सोडवलेलं नाही हो यांचं. वेळ कुठे मिळतो?" आणि ती चहा टाकायला आत गेली. चहा आला, बरोबर पोहे आले, लग्न हिवाळ्यात करायचं ठरलं. मुलगी आणि मुलगा एकमेकांकडे न बघता एकाच प्लेटमधले पोहे खात होते.

उठता उठता ते म्हणाले, "मग? पत्रिकेचं कसं करायचं?"

मी एक चप्पल तशीच हातात धरून थांबलो. एकदा पोळलेला माणूस होतो मी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि अत्यंत सावधपणे म्हणालो, "पुढच्या महिन्याची नक्की वाचू. बोंबलाची वाट बघतोय."

"लग्नाची हो, लग्नाची!" ते म्हणाले. "छापायची ती!" आणि मोठ्याने हसले. इतके हसले की भिंतीला टेकले. श्लेष या वेळी मला कळला नव्हता आणि त्यांना कळला होता. त्यांचं सगळं फिटलं होतं.

परतीच्या वाटेवर मी टॅक्सीच्या पुढच्या सीटवर सरळ बसलो होतो. "बघितलंस?" मी मागे वळून बायकोला म्हणालो. "ऐनवेळी सुचलं. अगदी ऐनवेळी."

"मला काल मेथी धुतानाच आलं होतं," ती म्हणाली.

"काय? मग बोलली का नाहीस?"

तिने पदराने घाम पुसला. मुलगी तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, म्हणून ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तिथे उंच तुमची झाली असती. पुढे बघून बसा आता, अवघडेल."